जुम्याच्या रातीचा पास

२४ ऑगस्ट २०२५, रविवार

पुन्हा लिहायला घेतलंय. झुबेर म्हणतो, तू लिहायला लागलास की समजायचं, नोकरी सुटणार. मस्कतला लिहायला घेतलं तेव्हा सुटली, जहाजावर घेतलं तेव्हाही. झुबेर माझा खोलीतला जोडीदार. तुबलीच्या गॅरेजात गाड्यांना रंग मारतो आणि माझ्याबद्दल बोलताना पण जाडच हात मारतो. या वेळी सुटायचा विचार नाही. कोल्ड स्टोअरचं, म्हणजे इथल्या किराणा दुकानातलं, काम बरं आहे. दारात गाडी थांबते, हॉर्न वाजतो, मी धावत जातो, दूध-पाव-पाणी काचेतून आत देतो. उम्म अल हस्सममधल्या लोकांना दोन पावलं उतरायचा कंटाळा आहे, त्यावर माझं पोट आहे.

लिहायचं कारण वेगळंच. आज उस्मानचाचांनी मला आतल्या फ्रीजरच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. म्हटलं गेली नोकरी. चाचा दुकान चालवतात, मालक इथलाच, बहारीनी आहे, तो महिन्यातून एकदा येऊन पेप्सी पिऊन जातो. म्हणजे काढणारे-ठेवणारे चाचाच.

"जयेश, तू युरोप फिरलेला माणूस हायस."

मी मान हलवली. खरं म्हणजे मी क्रूझवर भांडी घासायचो. युरोप पाहिला तो जहाजाच्या भटारखान्याच्या गोल खिडकीतून, आणि एकदा एका बंदरावर सुट्टी मिळाली तेव्हा गाडीत बसलो तो उलट्या दिशेच्या. जहाज सुटायच्या आत परत आलो हेच नशीब. पण दुकानात ही गोष्ट सांगता सांगता वाढत गेलीय. आता तिच्यात पॅरिस पण आहे.

"मी आणि तुझी चाची स्वित्झर्लंडला जातोय. चार दिवस. तिथं रेलवेचा पास असतो म्हणतात. कुठला घ्यायचा तो तू बग."

"बर्फ बघायचाय चाचा?"

"बर्फ इथं फ्रीजरात कमी हाय? एका गावाला जायचंय. जुम्याच्या रातीला तिथं पोचायला पायजे. पोचायलाच पायजे. बाकी तू ठरव."

चाचांनी गावाचं नाव कागदावर लिहून आणलंय. एवढं लांब नाव की मी 'आल्प'पर्यंत जाऊन थांबतो. झुरिकपासून गाडी, मग दुसरी गाडी, मग डोंगरावर जाणारी पिवळी बस. विमान गुरुवारी १८ सप्टेंबरला दुपारी झुरिकला उतरणार, रविवारी संध्याकाळी परत. व्हिसासाठी एजंटाने झुरिकचं हॉटेल दाखवलंय.

जुम्याची रात, म्हणजे शुक्रवारी रात्री आल्प. लिहून ठेवलं, नाहीतर मी विसरतो.

२५ ऑगस्ट, सोमवार

देवा. एक पास नाही, पासांचं जंगल आहे. एक सलग दिवसांचा: सुरू केला की रोज जळत राहतो, फिरा नाहीतर झोपा. एक फ्लेक्सी: महिनाभरात हवे ते दिवस निवडा. एक अर्ध्या तिकिटाचं कार्ड. मग एकेका भागाचे वेगळे. काही डोंगरांवर पास पूर्ण चालतो, काहींवर अर्ध्यापर्यंत, वर गेलं की सवलत. पास असून परत तिकीट! वाचता वाचता एक लाल गाडी सापडली, छताला पण काच. ती एका गोल पुलावरून स्वतःच्याच शेपटीकडे बघत जाते. तिचे व्हिडिओ बघत बसलो. बाहेर कुणीतरी इतका हॉर्न वाजवला की शेजारचा न्हावी बाहेर आला.

पास ठरला नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल विवेकसरांकडे गणपतीला गेलो होतो. ते पुण्याचे, बँकेत आहेत, आमच्याकडूनच पाणी नेतात, आणि खरोखरचे स्वित्झर्लंडला जाऊन आलेत. मी मोदक खाता खाता विचारलं.

"सोपं आहे," ते म्हणाले. "पहिला प्रश्न पासाचा नाही, माणसाचा. रोज हलणार असतील तर सलग पास. मधे बसून राहणार असतील तर फ्लेक्सी. आणि एकाच ठिकाणी जाऊन तिथेच राहणार असतील तर पास हवाय कशाला? अर्ध्या तिकिटाचं कार्ड घे आणि मोकळा हो. तुझे चाचा नक्की काय करणार आहेत तिथे?"

"फिरणार, सर. दुसरं काय करणार?"

"विचारलंस का त्यांना?"

तेवढ्यात आरती सुरू झाली आणि माझ्या हातात झांजा आल्या. मग राहूनच गेलं.

आज दुकानात नेहमीसारखं वरून ताट आलं. चाचांचं घर दुकानाच्या वरच आहे. दर गुरुवारी दिवस मावळला की वर अगरबत्ती लागते, फातेहा देतात, आणि मसूदाचाची काहीतरी गोड खाली पाठवतात. कधी मलिदा, बहुतेक वेळा शिरा. वेलची सढळ. मी गुरुवारला शिरावार म्हणतो. चाचींना हे कळलं तेव्हा त्या खूप हसल्या होत्या.

३० ऑगस्ट, शनिवार

आज अरीबा खाली आली. चाचांची मुलगी, बारावीला आहे. आपण मराठीत बोलायचं, ती इंग्रजीत उत्तर देते. मी तिला लाल गाडी दाखवली.

"जयेशभाई, दे आर नॉट गोइंग फॉर ट्रेन्स."

"मग?"

तिने काउंटरकडे बघितलं. चाचा एका गिऱ्हाइकाशी बोलत होते. मग हळू म्हणाली, "आपी."

आपी म्हणजे मोठी बहीण. मी म्हटलं, तुला कुठली बहीण? चाचा तर सगळ्यांना सांगतात, एकच मुलगी. तेव्हा कळलं. इशरत नाव. हॉटेलचं शिकायला तिकडे गेली, तिथेच राहिली, तिथल्याच माणसाशी लग्न केलं, घरी सांगितलं ते नंतर. त्या दिवसापासून चाचांच्या मोजणीत एक मुलगी कमी झाली. चाची लपून बोलतात. मागच्या वर्षी चाचा जायला तयार झाले होते. एअरपोर्टवरून परत आले. पासपोर्ट घरी राहिला, असं चाचींकरवी इशरतला कळवलं.

"इट वॉज इन हिज पॉकेट," अरीबा म्हणाली. "आपी वेटेड द होल इव्हनिंग. नाउ शी टोल्ड अम्मी, एकदाच. वन लास्ट टाइम. जुमा रातीला शिरा करून ठेवीन, ही कम्स ऑर ही डझंट."

"येतील की. पास मी काढतोय ना."

ती म्हणाली, "प्लीज डोंट मेस इट अप."

लहान मुली पण फार मोठं बोलतात हल्ली.

६ सप्टेंबर, शनिवार

काल पास घेणार होतो. झुबेरने एक जुनी जीप रंगवली होती, ती चालवून बघायची म्हणून झल्लाकला गेलो. समुद्र गरम पाण्यासारखा. वाळूत बसून मी झुबेरला पास समजावून सांगितले, सलग, फ्लेक्सी, अर्धं कार्ड, वाळूवर आकृत्या काढून. तो म्हणाला, "यल्ला, एवढं कळतंय तर घे ना एखादा." पण तेच तर होत नाही. एक ठरवला की दुसरा बरा वाटतो. माझं सगळंच असं. आयटीआयला फिटर घेतलं, मग वायरमनचा वर्ग जास्त हसरा वाटला, शेवटी दोन्ही नाही.

परत येताना जीप बंद पडली. पास राहिला.

१० सप्टेंबर, बुधवार

चाची दुकानात आल्या. त्या कधी येत नाहीत.

"जयेश बाळा, गाडीत डबा नेऊन देतात का रे? सांदणं करून नेणार हाय. तिला— तिथं मिळत नायत."

म्हटलं, चाची, तिथे गाडीत लोक कुत्रे नेतात, डब्याचं काय.

"आनि गाडी चुकली तर?"

"तिथे दुसरी येते. तासाला येते."

"शेवटची चुकली तर?"

"चाची, मी आहे ना."

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. रात्रभर खरोखर बसून पास ठरवायचा असं ठरवलं. मग झोप लागली.

१३ सप्टेंबर, शनिवार

घेतला! सलग तीन दिवसांचा, शुक्रवार-शनिवार-रविवार. डोकं चालवलं. गुरुवारी दुपारी उतरणार, थकलेले असणार, हॉटेलात आराम. मग गुरुवारचा दिवस कशाला जाळायचा? शुक्रवारी सकाळी निघायचं, वाटेत तळं, तळ्यात बोट, बोटीला पण पास चालतो. धबधबा. मग पिवळी बस, आणि जुम्याच्या रात्री गावात. शनिवारी लाल गाडी. विवेकसरांना पण असं सुचलं नसतं.

चाचांना प्रिंट दिली. ते चष्मा शोधत होते, दोन गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

"सेट आहे चाचा. उतरायचं, जरा आराम करायचा, मग जुम्याच्या रात्री गावात."

"हां. आरामच करायचाय जरा. चाचीच्या पायांना सूज येते विमानात." प्रिंट डोळ्यांपाशी नेऊन त्यांनी वाचलं. "फ्रायडे. जुमा. बरोबर." घडी करून खिशात ठेवली. "तू बगितलंस ना सगळं?"

"सगळं."

"मग खलास. मना आता काय बगायचं नाय."

बोटीचं आणि धबधब्याचं सांगायचं होतं. पण हॉर्न थांबेना. दुसऱ्या कागदावर लिहून देईन.

१७ सप्टेंबर, बुधवार

चाचा-चाची आज गेले. आधी दुसरं विमान, तिथून झुरिक. चाचांनी ठेवणीतला कोट घातला होता. चाचींच्या हातात डबा, कापडात बांधलेला, तो काही त्या सामानात देईनात. वर अरीबाजवळ राहायला मुहर्रकहून आतिकाफुफू आल्यात, चाचांची बहीण.

एअरपोर्टवर मी चाचांचा खिसा बघितला. म्हटलं, "पासपोर्ट आहे ना?"

गंमत म्हणून म्हटलं. चाचा हसले नाहीत. त्यांनी कोटावरून हात दाबून धरला आणि म्हणाले, "हाय. या वेळी हाय."

बोटीचा कागद द्यायचा राहिला.

१८ सप्टेंबर, गुरुवार

लिहितो, दुसरं करण्यासारखं काही नाही.

दुपारी चाचींचा मेसेज आला होता, पोचलो, एअरपोर्टचं वायफाय. मी लिहिलं, आता हॉटेलात आराम करा. तो त्यांना पोचलाच नाही, एकच टिक. म्हटलं झोपले असतील.

दिवस मावळायला अरीबा ताट घेऊन खाली आली. शिरा. मशिदीत बांग सुरू झाली होती. आणि माझा फोन वाजला, लांबलचक परदेशी नंबर.

"जयेश? चाचा बोलतोय. एका बाईच्या मोबाइलवरून. अरे तो गाडीवाला म्हणतो पास आजचा नाय."

"गाडीवाला? चाचा, तुम्ही गाडीत कशाला बसलात?"

"मग कशात बसू? म्हणतो उद्यापासून हाय."

"उद्यापासूनच आहे चाचा! शुक्रवारपासून. आज हॉटेल, उद्या जुम्याच्या रात्री—"

"जयेश." मधे गाडीचा आवाज. "आज हाय जुम्याची रात."

मला काहीच कळेना. म्हटलं, आज गुरुवार आहे. माझ्यासमोर अरीबा ताट धरून उभी होती, तिचा चेहरा बघितला आणि कळलं, चुकलो मी.

"चाचा, तिकीट काढा. त्याच्याकडूनच काढा, तो देईल."

"देतो म्हणाला. पन आता गाडीत बसलोय तो बिनापासाचा. बत्तीस वर्षं तिकडं परमुलकात काढली, एक दिवस खोट्या कागदावर नाय राहिलो. माझ्या नावावर इथं काय लागलं, तर तिच्या दारात पोलीस जातील. पुढच्या स्टेशनाला उतरतो."

"चाचा, उतरू नका! असं काही होत नाही तिथे! पिवळी बस शेवटची—"

गाडीचा आवाज, कुणाचं तरी बोलणं, बंद.

मी लगेच त्याच नंबरवर फोन लावला. एका बाईने घेतला. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "ते उतरले. मी गाडीत आहे. कंडक्टर म्हणाला बसा, तुमचा बाबा म्हणाला नो, नो, सॉरी, सॉरी. फार सभ्य माणूस." मी विचारलं, कुठल्या स्टेशनवर? तिने नाव सांगितलं, मला ते पकडता आलं नाही. परत विचारलं, परत नाही. ती म्हणाली, "लहान आहे, तिथे काही नाही."

चाचींना मेसेज. एक टिक. परत. एक टिक.

आतिकाफुफू खाली आल्या. त्यांनी मला समजावलं, लहान मुलाला सांगावं तसं. "बाबा, आमचा दिवस मगरिबीला बदलतो. गुरुवारी सूर्य बुडला की जुमा लागला. ती जुम्याची रात. शुक्रवारची रात आली की सनिचर लागतो." आणि ताटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे दर वेळी काय म्हणून येतं तुला वाटलं?"

शिरावार. मी त्याला शिरावार म्हणायचो.

अरीबाने तिच्या आपीला फोन लावला, स्पीकरवर. मागे गाईंच्या घंटा वाजत होत्या. खरंच वाजतात तिथे.

"आपी, दे आर कमिंग, देअर वॉज अ प्रॉब्लेम विथ द पास—"

"कसला पास?" आवाज थेट चाचींचा.

"रेल्वे पास, आपी. राँग डेट."

ती म्हणाली, "मागच्या वेळी पासपोर्ट होता. आता पास. पुढच्या वेळी काय, नुसताच पोर्ट?" हसली, पण ते हसणं नव्हतं. "अब्बांना सांग, एवढी कारणं शोधायची तसदी घेऊ नका. मी शिरा झाकून ठेवलाय, आता टाकून देते."

फोन बंद. मग तिने उचललाच नाही.

मी कंडक्टर नाही, पायलट नाही, मी इथून हॉर्नला धावण्यापलीकडे काय करणार? तिथल्या रेल्वेच्या नंबरवर फोन लावला, त्यांनी होल्डवर ठेवून बाजाची गाणी ऐकवली. विवेकसरांना लावला, ते म्हणाले, "अरे, स्टेशनचं नाव तरी!" बरोबर आहे. स्टेशनचं नाव तरी.

ताट तसंच आहे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

चाचींचा मेसेज अजून एक टिक.

सकाळपासून गिऱ्हाइकांना चुकीच्या वस्तू देतोय. एका बाईने दही मागितलं, मी ब्लीच दिलं. अरीबा खाली येऊन काउंटरमागे बसली, बोलत नाही. "डोंट मेस इट अप" असं परत म्हणाली असती तरी बरं झालं असतं.

जुम्याच्या नमाजाला दुकान बंद केलं. सगळे मशिदीत, अरीबा वर, मी आत एकटा. अरीबाकडून इशरतचा नंबर घेतला होता. फोन उचलणार नाही म्हणून आवाज भरून पाठवला. काय बोललो नीट आठवत नाही. साधारण असं:

"इशरतताई, मी जयेश, चाचांच्या दुकानात असतो, माणगावचा. पास मी काढला. चाचा म्हणाले जुम्याच्या रातीला पोचायचं, मी समजलो शुक्रवारची रात्र. आमच्यात रात्र दिवसाच्या मागून येते हो, तुमच्यात आधी येते हे मला माहीत नव्हतं. चाचा काल गाडीत बसले होते. कोट घालून. चाचींकडे सांदणांचा डबा आहे. पास आजपासूनचा निघाला म्हणून ते स्वतः उतरले, कुणी उतरवलं नाही. तुम्हाला वाटेल मी त्यांच्यासाठी रचून सांगतोय. मला रचता येतं, पॅरिसचं मी रचलेलं आहे, पण हे नाही."

निळ्या खुणा आल्या. ती ऐकत होती.

मग लिहून आलं: तुम्ही हिंदू?

मी: हो.

ती: अम्मी खाली ताट पाठवते का अजून? गुरुवारचं?

मी: दर गुरुवारी. मी त्याला शिरावार म्हणतो.

ती: दर गुरुवारी खाऊन पण कळलं नाही?

मी: नाही.

ती टाइप करतेय असं दिसायचं, थांबायचं, परत दिसायचं. मग आलं: अब्बांना खोटं बोलायचं असतं तर हे सुचलं नसतं. त्यांना पासपोर्टच सुचतो.

मग: ते आत्ता कुठे आहेत?

मी: माहीत नाही.

ती: माझं घर कुठलं हे पण त्यांना माहीत नाही. बसथांबा तेवढा अम्मीला सांगितला होता.

त्यानंतर काही नाही. मी तीनदा विचारलं, काय झालं. खुणा निळ्या पण होईनात. नमाज सुटला, शटर उघडलं, हॉर्न सुरू. एवढं बोलून काय उपयोग झाला? ना तिला माहीत ते कुठे, ना मला.

२० सप्टेंबर, शनिवार

चाचींचा मेसेज, मध्यरात्रीनंतर आलेला: पोचलो. खैरियत.

बस. बाकी मफी, काही नाही. पोचले कुठे? झुरिकला? आल्पला? मी आणि अरीबाने त्या दोन शब्दांकडे इतका वेळ बघितलं की आता ते शब्द वाटत नाहीत.

मी लिहिलं, चाची, आज सलग पासाचा दुसरा दिवस आहे, वाया घालवू नका, लाल गाडी नक्की घ्या. उत्तर नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

चाचा सोमवारी आले. कोट घडी करून पिशवीत, नाक सर्दीने लाल. मला वाटलं पहिलं वाक्य 'उद्यापासून येऊ नकोस' असणार. त्यांनी दुधाचे क्रेट मोजले, एक्स्पायरीच्या तारखा बघितल्या आणि गल्ल्यावर बसले. तीन दिवस पासाचं नाव नाही. मी पण आपणहून विचारलं नाही, हिंमत कुठे होती.

आज दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. शेवटी मीच म्हटलं, "चाचा, त्या रात्री—"

"स्टेशनावर बसलो. बाकडं चांगलं होतं. थंडी होती, चाचीने दोन शाली गुंडाळल्या. बारा वाजले तसा पास लागू झाला. पहाटेच्या पहिल्या गाडीत बसलो. तोच गाडीवाला. पास बगितला, सलाम केला."

"आणि गावात?"

"बसथांब्यावर उतरलो, बसलो. घर कुठलं कुणाला ठाव? नाव विचारायचं तर तिचं आताचं नाव मना येत नाय." त्यांनी गल्ला उघडला, बंद केला. "दुपार होत आली. चाची म्हणत होती, परत जाऊ या. मी म्हटलं, बस. मग ती आली. कामावरून, एप्रनातच, धावत. कुणी सांगितलं तिला की आम्ही तिथं हाव, अल्ला जाणे."

मी म्हटलं, नशीब चांगलं. योगायोग असतात असे.

"ताई बोलल्या काय तुमच्याशी?"

"पहिल्या दिवशी नाय. वाढलं मात्र."

"काय?"

"शिरा. आदल्या रातीचा. गरम करून."

मला बरं वाटलं, पण एक गोष्ट मनात सलत होती ती विचारलीच. "चाचा, तळ्यातली बोट केलीत? पासात होती."

"नाय."

"लाल गाडी?"

"नाय."

"धबधबा?"

"अरे, तीन दिवस मी तिच्या किचनातून हललो नाय. ती भांडी धुवायची, मी पुसायचो. तू जहाजावर करायचास तसं." त्यांनी खिशातून प्रिंट काढली, घड्या पडून मऊ झालेली, आणि माझ्या हातात दिली. "घे तुझा पास."

मी बघितलं. शुक्रवारी सकाळी जाणं, रविवारी परत येणं. मधला अख्खा शनिवार जळाला, बोट जळाली, लाल गाडी जळाली. किती दिवस डोकं खपवलं मी यात. विवेकसर म्हणत होते तेच खरं, मग पास घेतलाच कशाला? मी चाचांना स्पष्टच म्हटलं, "वाया गेला हो. असं होतं तर साधं जायचं-यायचं तिकीट काढलं असतं तरी पुरलं असतं."

चाचा बाहेर बघत होते. एक गाडी येऊन थांबली होती, अजून हॉर्न वाजला नव्हता.

"जायचं पुरलं असतं," ते म्हणाले.

चाचांना रेल्वेचं काही कळत नाही. यायचं तिकीट नको, असं कसं चालेल? समजावून सांगणार होतो, तेवढ्यात हॉर्न वाजला आणि वरून अरीबा ताट घेऊन आली.